वरचा माणूस

रायाप्पा ऐवळे हळदीच्या पेवात गुदमरून मेला. चौदा ऑगस्ट, सकाळी साडेअकरा ते बाराच्या दरम्यान, माझ्यासमोर.

आता हे झालंच नाही असं धरून चालू. बाजार समितीच्या इतिवृत्तात तसंच धरलंय: 'प्रात्यक्षिक यशस्वी झाले. पेवात कोणीही उतरले नाही.' खाली तीन सह्या आहेत. तिसरी माझी, आणि तिघांत तीच जास्त वळणदार आहे. तेव्हा रायाप्पा मामा अजून आहे, पेवाच्या तोंडाशी बसून तंबाखू मळतोय, आणि मी तेवीस वर्षांचा आहे.

“इंजिनेर, वाकून बघू नगा,” तो म्हणाला. “चष्मा पडंल. चष्म्यापायी मी खाली जाणार न्हाई.”

“चष्म्यासकट मीच पडलो तर?”

“मग बघू. तुमचं वजन किती?”

पेव म्हणजे जमिनीत खणलेला डेरा. तोंड जेमतेम दोन हात, आत सुटलेलं पोट, खोली पंचवीस-तीस फूट. आमच्या नदीकाठच्या मातीत ते ना ढासळतं ना ओल धरतं. आत हळद ओतायची, वर पाचट घालायचं, माती आणि शेणकाला लिंपून तोंड बुजवायचं. हळद चार-चार वर्षं किडत नाही, कारण आत कीड जगत नाही. कीड जगत नाही तिथे माणूसही जगणार नाही, हा मुद्दा गावात सगळ्यांना माहीत होता, पण तो हळदीचा गुण म्हणून सांगितला जायचा.

आदल्या वर्षी दोन पेवकरी गेले. पेवकरी म्हणजे पेवात उतरून हळद टोपल्यांनी वर देणारे. दुसरा पहिल्याला काढायला उतरला होता. मग जिल्ह्याच्या कार्यालयातून पत्र आलं: माणसाला जपून उतरवण्याच्या सूचना नकोत, माणूस उतरवण्याची गरजच राहणार नाही असा आराखडा करा, आणि मंजुरीआधी त्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागवा. इतकं शहाणं पत्र समितीत पूर्वी कधी आलं नव्हतं, त्यामुळे ते चुकून आलं असेल म्हणून दोन महिने ठेवून दिलं. मग स्मरणपत्र आलं. मग मी आलो.

माझा हुद्दा 'पेव सुरक्षा आराखडा सहायक (तात्पुरता)'. एवढं टेबलावरच्या पाटीत मावेना, म्हणून पेंटरने नुसतं '(तात्पुरता)' लिहिलं. पहिले काही दिवस लोक मला तात्पुरते साहेब म्हणायचे. रायाप्पा मामा पहिल्यापासून इंजिनेर म्हणायचा. मी यंत्र विषयाचा डिप्लोमा केलाय आणि त्याला इंजिनेर म्हणत नाहीत, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की. मला तरी कोण पेवकरी म्हणतंय? समद्यांच्या तोंडी 'ये रे' एवढंच.”

चष्म्याचं बोलणं झालं त्या दिवशी तो एका जुन्या पेवात उतरणार होता आणि मी बघणार होतो. तोंड आदल्या दिवशीच उघडून ठेवलं होतं. आधी कंदील दोरीने खाली सोडला, तो विझला नाही. मग मामाने कमरेला दोर बांधला आणि खाली गेला. दोराचं दुसरं टोक खुंटीला. तोंडाशी त्याची बायको गौराबाई मांडी घालून बसली, जशी बाई चुलीसमोर बसते, आणि खाली तोंड करून भांडायला लागली. मला तरी ते भांडणच वाटलं.

“माझ्या थोरल्या भनीचं गाव कुठलं?”

“कवलापूर,” खालून आवाज आला.

“तिच्या लग्नात कोण रुसलं हुतं?”

“तुझा मामा.”

“कशावरनं?”

“जिलबी दुसऱ्यांदा वाढली न्हाई म्हणून.”

“आन तवा तुमी काय म्हणालासा?”

“आता तेबी सांगू? इंजिनेर हाय वर.”

“सांगा म्हणते न्हवं.”

“म्हणलं, मामाच्या पोटात पेव हाय.”

टोपली वर आली. गौराबाईने ती उपडी केली, परत सोडली, आणि पुन्हा सुरू. शेजारणीची म्हैस कितव्या वेताची, थोरल्या पोराच्या बारशाला पाळणा कुणी म्हटला, कुठल्या साली नदीचं पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं. मी वहीत लिहिलं, 'काम चालू असता कौटुंबिक चर्चा होते.' मग विचारलं, “मावशी, हे कशासाठी?”

“माणसाला बोलतं ठिवायचं,” ती पेवावरची नजर न काढता म्हणाली. “पर निस्तं बोलतं ठिवून—”

तेवढ्यात माझ्या हातातला मोजपट्टीचा टेप सुटला आणि सळसळत पेवात गेला. खालून मामाने मला एक शिवी दिली, जी मी वहीत लिहिली नाही. टेप वर येईपर्यंत बोलणं राहून गेलं, आणि मी ते पुन्हा काढलं नाही. बोलतं ठेवायचं, एवढं मला कळलं होतं. बोलण्याची माझ्याकडे कधीच टंचाई नव्हती.

आराखडा मी दोन महिन्यांत केला. अजून सांगतो, कल्पना वाईट नव्हती. हळद मोकळी ओतायचीच नाही. नायलॉनच्या मजबूत जाळ्यांत भरायची, एकेक जाळी कप्पीवरून उतरवायची आणि तिच्या गळ्याचा दोर वर तोंडाशी आणून ठेवायचा. काढताना वरूनच ओढायचं. खाली माणूस नाही, म्हणजे वाईट हवा कुणाच्या नाकात जायचा प्रश्न नाही. मामाने कागद उलटासुलटा करून बघितला.

“ब्येस हाय,” तो म्हणाला. “पर पेवाला पोट हाय. कडंची एखादी जाळी अडकून बसणार.”

“नाही अडकणार. मी हिशेब केलाय.”

“हळद दाबून बसती, इंजिनेर. आमच्या ह्या मामेसासऱ्यागत. जिलबी दावल्याबिगर हालत न्हाई.”

मी खूप हसलो. तो हसला नाही. एक सांगायला हवं, मामा हसायचा नाही. दुसऱ्याला हसवायचा, पण माझ्या विनोदावर त्याची फक्त मिशी हलायची, तीही डाव्या बाजूची. अख्खी समिती मी हसवली होती, शिपायापासून सभापतीपर्यंत. हा एकटा राहिला होता, आणि त्याला एकदा खळखळून हसवायचं हे मी मनात घेतलं होतं. वयच तसं होतं.

एका पेवात जाळ्या भरून तोंड बुजवलं, आणि आराखडा सूचनाफलकावर लागला. तीस दिवसांत चौदा सूचना आल्या. सुनावणीच्या दिवशी सभागृहात पन्नासेक माणसं होती. सचिव हणबर साहेबांनी मला प्रत्येक सूचना मोठ्याने वाचून आपला अभिप्राय द्यायला सांगितलं. हणबर साहेब सज्जन माणूस. कुठल्याही कागदाचं त्यांना भय वाटायचं आणि म्हणून ते तो लवकर निकाली काढायचे.

“सूचना क्रमांक चार,” मी वाचलं. “पेवात आधी बकरी सोडावी. अभिप्राय: बकरीच्या हरकती मागवाव्या लागतील.”

सभागृह हसलं.

“सूचना क्रमांक सहा. सूचना मागवण्याची पद्धत बंद करावी. अभिप्राय: सूचनेबद्दल आभार.”

पुन्हा हसलं. मला चढत चाललं होतं.

“सूचना क्रमांक नऊ. पाठवणार, शंकर टेलर. पेव जमिनीत न खणता उलटं करून जमिनीवर बांधावं, तोंड खाली ठेवावं. झाकण काढलं की हळद आपोआप पोत्यात पडेल, कुणाला आत जावं लागणार नाही.” मी थांबलो, चष्मा पुसला. “अभिप्राय: उलट्या पेवात हळद भरण्यासाठी पेवकऱ्याला आकाशातून उतरवावं लागेल.”

या वेळी हणबर साहेबसुद्धा हसले. शंकर टेलर मागच्या रांगेत होता. तोही हसला, थोडा उशिरा. आता मी ज्या कंपनीत आहे तिथे आम्ही पत्र्याची उंच, निमुळत्या बुडाची कोठारं बनवतो. वरून यंत्राने धान्य जातं, खालून आपोआप पडतं. माहितीपत्रकात लिहितो, 'आत उतरण्याची गरज नाही.' शंकर टेलरचं नाव माहितीपत्रकात नाही.

चौदा सूचना संपल्या आणि गौराबाई उभी राहिली.

“लेखी आणलंय का, बाई?” हणबर साहेबांनी विचारलं.

“मला लिवाय येत न्हाई.”

“मग कुणाकडून तरी लिहून घ्यायचं होतं.”

“त्यो बसलाय की लिवणारा,” तिने माझ्याकडे बोट केलं. “लिव रं बाळ. जाळ्या करा, कप्प्या करा, आमची काय आडकाठी न्हाई. पर ह्या कागदात वरच्या माणसाचं नावच न्हाई म्हणं. ते काढू नगा.”

वरचा माणूस म्हणजे ती जे करायची ते काम.

“बाई,” हणबर साहेब समजुतीने म्हणाले, “आता खाली माणूसच जाणार नाही. मग वर माणूस कशाला?”

“जातंय साहेब. तुम्ही कागदावर न्हाई म्हणला तरी कुणीतरी जातंयच. मिनिटाचं काम हाय म्हणून जातंय.”

लोक हसले. तिला ते आवडलं नाही.

“आन वरचा माणूस म्हंजे निस्ता हुबा केल्याला माणूस न्हवं. त्येला इचारता आलं पायजे. काय हुतंय, वारं वाईट असलं म्हंजे माणूस पैल्यांदा—”

“वेळ झाली बाई. प्रत्येकाला दोनच मिनिटं आहेत.”

मी तोवर लिहून टाकलं होतं. हणबर साहेबांनी कागद घेऊन मोठ्याने वाचला: “'खाली कोणी नसल्याने वर कोणाची आवश्यकता उरत नाही. सूचना निकाली.' वा! याला म्हणतात अभिप्राय.”

तोपर्यंतच्या आयुष्यात मी लिहिलेलं ते सगळ्यांत नेटकं वाक्य होतं. अजूनही, वाक्य म्हणून, त्यात काही काढता येत नाही.

प्रात्यक्षिक चौदा ऑगस्टला ठरलं, कारण जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना पंधराला झेंडे होते. मांडव घातला. आदल्या दिवशी मी यादी घेऊन हणबर साहेबांकडे गेलो. कप्पी, ती टांगायला तिकाटणं, ट्रॅक्टर, हारतुरे, पेढे, आणि खाली मी लिहिलं होतं: कंदील, कमरेचा दोर.

“हे कशाला?” त्यांनी विचारलं.

“असू दे, साहेब. असतात ना दर वेळी.”

“चौगुले, विचार करा. मोठे साहेब विचारतील, उतरायचं नाही तर कंदील कशाला? म्हणजे आपलाच आपल्या आराखड्यावर भरवसा नाही असं होईल.” त्यांनी दोन्हीवर काट मारली. “आणि तोंड आदल्या दिवशी उघडायचं नाही. साहेबांच्या हस्ते उघडू. उतरायचं कुणाला नाही, मग हवा कशाला खेळवायची?”

एकेक मुद्दा बरोबर होता. मी तपासून बघितला, कुठेच चूक सापडली नाही.

सकाळी साडेदहाला साहेबांनी फीत कापली. रायाप्पा मामाने लिंपण फोडून पाचट बाजूला केलं. त्याला समितीने भगवा फेटा बांधला होता. गौराबाईला हिरवं लुगडं नेसवून मांडवाच्या दारात कुंकवाचं ताट घेऊन उभं केलं होतं. पेवकऱ्याच्या घरची बाई स्वागताला म्हटल्यावर फोटो चांगला येतो, ही कल्पना माझी.

जाळ्या वर यायला लागल्या. ट्रॅक्टर पुढे सरकायचा, कप्पी करकरायची, आणि पिवळीजर्द फुगलेली जाळी तोंडातून बाहेर यायची. प्रत्येक जाळीला टाळ्या. मोठे साहेब मला म्हणाले, “तुमचं वय काय?” मी सांगितलं. ते म्हणाले, “वा.” एवढं बोलून सगळे चहाला मांडवात गेले. चहानंतर साहेब येऊन रिकामं पेव बघणार होते.

शेवटची जाळी अडकली. पोटाच्या कडेला, मामाने सांगितलं होतं तिथे. ट्रॅक्टर पुढे घेतला तसा दोर ताणला आणि तुटला.

हणबर साहेब पेवात डोकावले, मग मांडवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “साहेब आत्ता येतील. रिकामं दिसायला पाहिजे.” ते एवढंच बोलले. कुणाला उतर म्हणाले नाहीत. मी साक्षीला उभा राहिलो तर हेच सांगेन. मग तेही मांडवाकडे गेले. ट्रॅक्टरवाला पेढे घ्यायला आधीच गेला होता.

“मिनिटाचं काम हाय,” मामा म्हणाला आणि फेटा काढून माझ्या हातात दिला. “नवी गाठ मारून येतो.”

“मामा, थांबा. मावशींना बोलावू?”

“तिला हिरवं लुगडं नेसीवलंय. त्येला माती लागली तर हितंच ठार मारंल मला.” त्याने कप्पीचा दोर पकडला. “तुम्ही हाय की वर. बोला कायतरी.”

“बोलतं ठेवतो,” मी म्हणालो.

तो खाली गेला. कंदील नव्हता, त्यामुळे मला नुसता काळोख दिसत होता आणि त्यात त्याच्या टकलाचा एक ठिपका. हळदीचा वास इतका दाट होता की घशात बसत होता.

“मामा, सूचना क्रमांक चार आठवते का? बकरीची?”

“आठवतीय.”

“बकरीची हरकत आली बरं का. म्हणते, आधी समितीने उतरावं.”

आणि मामा हसला.

मिशी नव्हे. खळखळून हसला. पेवाच्या पोटातून ते हसू मोठं होऊन वर आलं. तुम्हाला कळणार नाही मला काय वाटलं. साडेपाच महिने मी ज्याची वाट बघत होतो ते मिळालं होतं. मी पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसलो आणि त्याला सहावी सूचना ऐकवली. तो पुन्हा हसला, जास्त वेळ. सातवी, आठवी. आठवीत विनोद असा काही नव्हता, कुंपणाबद्दल होती, पण तो तिलाही हसला. मग शंकर टेलरचं उलटं पेव. मी आवाज काढून, टेलरची नक्कल करून सांगितलं. मामा हसता थांबेना. “उलटं,” तो म्हणाला, “उलटं, उलटं,” आणि हसत राहिला. मी तर पार फुलून गेलो होतो.

“गाठ बसली का?” मी मधेच विचारलं.

“हां,” तो म्हणाला. “हां, हां.” आणि हसला.

दहावी. हसला, हळू. अकरावी. हसल्यासारखा आवाज आला. बारावी सूचना होती की पेवात मोबाईलची रेंज मिळावी. तिला काहीच आलं नाही.

मला वाटलं, बारावी पडली. ती मुळातच कमजोर होती. म्हणून मी ती त्याला समजावून सांगितली. रेंज म्हणजे काय, पेवात फोन कोण करणार, कुणाला करणार, सगळं. विनोद समजावून सांगू नये हे मला तेव्हाही माहीत होतं.

“कोण हाय खाली?”

मागे गौराबाई उभी होती, हातात कुंकवाचं ताट.

“मामा आहेत,” मी म्हणालो. “घाबरू नका, मी बोलतं ठेवलंय. हसत होते आत्तापर्यंत.”

तिने ताट टाकलं नाही. नीट खाली ठेवलं, निरांजन विझू नये असं. मग ती पालथी पडली आणि अर्धं अंग पेवात घालून ओरडली.

“थोरल्या भनीचं गाव कुठलं?”

काही नाही.

“आवं, थोरल्या भनीचं गाव!”

मग मी एक पाय पेवात घातला. तिने न बघता माझी कॉलर धरली आणि मला मागे फेकलं. “तुला उतराय येतंय व्हय? एक गेलाय तेवढा बास. वारं आना कुठनंतरी! कुनी उतरायचं न्हाई, सांगून ठिवते!”

लोक धावत आले. दोघातिघांनी उतरायची तयारी केली, तिने कुणालाच पेवाजवळ येऊ दिलं नाही. वडाखालच्या पंक्चरवाल्याचा हवेचा पंप ट्रॅक्टरवर टाकून आणला, नळी आत सोडली. गळ आणला. या सगळ्याला पाऊण तास गेला, आणि तेवढा वेळ ती विचारत होती. म्हशीचं विचारलं. पाण्याच्या पायरीचं विचारलं. मग सोपे प्रश्न विचारायला लागली, जसे मास्तर मागे पडलेल्या पोराला विचारतात. आज वार कोणता? आपल्याला पोरं किती? तुमच्या हाताला बोटं किती? मांडवात मोठे साहेब, सभापती, सगळे उभे राहून ऐकत होते. कुणाच्या हातात पेढा होता, त्याला तो खाताही येईना आणि ठेवताही येईना.

शेवटी तिने विचारलं, “माझं नाव काय?”

आणि ती थांबली. बराच वेळ थांबली. याचं उत्तर तो देईल अशी तिची खात्री असावी.

गळाला सदरा लागला तेव्हा साडेबारा वाजले होते. त्याला रुग्णालयात नेलं आणि तिथे मृत घोषित केलं, त्यामुळे कागदोपत्री तो रुग्णालयात मेला. पंचनाम्यात 'तोल जाऊन' असं आलं. प्रात्यक्षिक अकरा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे चहाच्या वेळी संपलं होतं, असं इतिवृत्तात आलं. संपलेल्या प्रात्यक्षिकात कोणी उतरू शकत नाही. आराखडा मंजूर झाला. हणबर साहेबांनी सहीसाठी कागद पुढे केला आणि मी सही केली.

महिन्याने मी गौराबाईकडे गेलो. ती अंगणात हळकुंडं निवडत होती. तिने मला पाट दिला, चहा दिला. मी घरून एक वाक्य ठरवून आणलं होतं. तिला धीर येईल असं ते होतं.

“मावशी,” मी म्हणालो, “त्यांना त्रास नाही झाला. शेवटपर्यंत हसत होते. मी ऐकलंय. इतके कधीच हसले नव्हते.”

तिचे हात थांबले.

“किती येळ हसलं?”

“दहा मिनिटं तरी.”

“आन इचारलं तर हां, हां म्हणलं आसंल.”

“हो,” मी म्हणालो. “तुम्हाला कसं कळलं?”

तिने एक हळकुंड उचललं, कीड आहे का बघितलं, सुपात टाकलं.

“वारं वाईट असलं की माणूस आधी हसाय लागतंय,” ती म्हणाली. “दारू प्याल्यागत. मग हां हां करतंय. हसाय डोकं लागत न्हाई, बाळ. हां म्हणाय डोकं लागत न्हाई. म्हणून तर भनीचं गाव इचारायचं, म्हशीचं इचारायचं. नावगाव चुकलं की दोर वढायचा. चुकल्यावर तीन-चार मिंटं मिळत्यात.”

मी कप तोंडाला लावला.

“सभेत त्येच सांगत हुते मी. तू लिवत हुतास.”

चहा मी संपवला. उठताना ती म्हणाली, “लई ग्वाड बोलतोस बघ तू. कुनालाबी ऐकत बसावं वाटंल.” तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी नऊ वर्षांत कधीतरी एकदा झोपलो असतो.

मी अजूनही विनोद सांगतो, ती सवय जात नाही. लग्नात, कंपनीच्या जेवणात. लोक हसतात. पण कुणी जरा जास्त वेळ हसलं, माझ्या आठव्या सूचनेसारख्या विनोदालाही हसलं, की मी त्याला विचारतो, तुमच्या मेव्हण्याचं गाव कुठलं? तुमच्या आईचं माहेरचं नाव काय? बायकोच्या माहेरी माझी ख्याती आहे, जावई चौकस आहे. माझी मुलगी चार वर्षांची आहे, गुदगुल्या केल्या की तिला हसू आवरत नाही. तिला मी गुदगुल्या करत नाही.

गेल्या महिन्यात बाजार समितीने वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली: जुनी पेवं कायमची बुजवायची आहेत, कुणाच्या हरकती व सूचना असल्यास तीस दिवसांत लेखी कळवाव्यात. मी एक पाठवली आहे. पोच आलेली नाही. मजकूर असा:

मा. सचिव यांस, सविनय सादर. पेवे बुजवण्यास निम्नस्वाक्षरीकाराची हरकत नाही. तथापि काम सुरू करण्यापूर्वी पुढील आदेश निर्गमित व्हावेत. श्रीमती गौराबाई रायाप्पा ऐवळे यांची 'वरचा माणूस' या पदावर चौदा ऑगस्ट, सकाळी अकरा वाजून तीस मिनिटांपासून पूर्वलक्षी प्रभावाने नेमणूक करण्यात यावी. सदर पद मंजूर नसल्यास त्याच वेळेपासून निर्माण करण्यात यावे. निम्नस्वाक्षरीकारास त्याच दिनांकापासून व त्याच वेळेपासून कुंकवाच्या ताटाकडे वर्ग करण्यात यावे. निम्नस्वाक्षरीकार रुजू होण्यास तयार आहे. तरी प्रकरण तातडीचे समजून, चार मिनिटांच्या आत आदेश व्हावेत, ही विनंती.